येरझारा आणि खेळ : आजारपण, नैराश्य व मृत्यू या विषयांवरील लघु कथनात्मक व्हिडिओ गेमचा चिकित्सक अभ्यास

गोषवारा :
इ. स. २००७ नंतरच्या काळात व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात एक लहानसा पण लक्षणीय प्रवाह निर्माण झाला. या खेळांत शत्रू नसतो, गुण नसतात, जिंकणेही नसते. खेळणाऱ्याच्या हाती मुख्यतः एकच कृती असते, ती म्हणजे चालणे. यांतील काही महत्त्वाचे खेळ आजारपण, नैराश्य, वार्धक्य आणि मृत्यू यांना सामोरे जातात. प्रस्तुत निबंधात अशा निवडक खेळांचा रूपलक्ष्यी अभ्यास केला आहे. 'यांना खेळ म्हणावे काय ?' हा आक्षेप आणि 'हे खेळ आपल्याला दुसऱ्याचे दुःख प्रत्यक्ष अनुभवायला लावतात' हा गौरव, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत असे येथील प्रतिपादन आहे. न. चिं. केळकर यांच्या 'सविकल्प समाधी' या संकल्पनेच्या साहाय्याने या खेळांच्या यशापयशाचा एक निकष सुचविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, कथन, आजारपण, शोकात्मिका, सविकल्प समाधी, असहायता.

१. प्रस्तावना

खेळ आणि मृत्यू यांचे नाते व्हिडिओ गेमइतके स्वस्त क्वचितच कोठे झाले असेल. सामान्य खेळात नायक दहा वेळा मरतो आणि अकराव्या वेळी त्याच ठिकाणाहून पुन्हा धावू लागतो. तेथे मरण ही एक चूक असते आणि सरावाने ती सुधारता येते. आजारपणाचे स्थानही तसेच आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील एक पट्टी कमी होते, औषधाची पेटी सापडली की ती पुन्हा भरते. या माध्यमाने शरीराला आकड्याचे रूप दिले आणि आकडा नेहमीच भरून काढता येतो.

ज्यांच्या घरात दीर्घ आजार राहून गेला आहे त्यांना हे गणित खोटे आहे हे सांगावे लागत नाही. असाध्य आजारात प्रयत्न आणि फळ यांचा संबंध तुटतो. शुश्रूषा करणारा माणूस काही ना काही करत राहतो, पण त्या करण्याने शेवट बदलत नाही. रुग्णाच्या खोलीबाहेर घातलेल्या येरझारा हे या अवस्थेचे सर्वात नेमके चित्र होय. येरझारेत चालणे आहे, पण पोहोचणे नाही. मराठी संतपरंपरेने हाच शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यासाठी योजला, हाही केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

चालण्यावर आधारलेल्या या खेळांना इंग्रजी जगतात 'वॉकिंग सिम्युलेटर' असे नाव पडले. प्रारंभी ते उपहासाने वापरले गेले. 'यात नुसते चालायचेच असते' असा त्या उपहासाचा आशय होता. प्रस्तुत निबंधाचा रोख असा की, या 'नुसते' शब्दातच या खेळांचे वाङ्मयीन सामर्थ्य दडलेले आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

१) आजारपण व मृत्यूविषयक लघु कथनात्मक खेळांची रूपवैशिष्ट्ये तपासणे.
२) खेळणाऱ्याच्या कृतीवर घातलेली मर्यादा आणि खेळाचा आशय यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) भारतीय व मराठी साहित्यविचारातील संकल्पना या नव्या माध्यमाला कितपत लागू पडतात हे पाहणे.

अभ्यासासाठी 'पॅसेज' (२००७), 'द ग्रेव्हयार्ड' (२००८), 'डिअर एस्थर' (२००८, व्यावसायिक आवृत्ती २०१२), 'ॲक्च्युअल सनलाइट' (२०१३), 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (२०१६) आणि 'बिफोर आय फर्गेट' (२०२०) हे खेळ निवडले आहेत. पाच मिनिटांपासून सुमारे दोन तासांपर्यंत त्यांचा कालावधी आहे. एका बैठकीत संपणारी ही रचना असल्याने कादंबरीपेक्षा कथेशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे.

३. सैद्धांतिक भूमिका

योहान हॉयझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसविले. व्यवहारापासून अलग केलेला काळ आणि जागा हे त्यांनी खेळाचे एक प्रमुख लक्षण मानले. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात, वाचकाला पुढे जाण्यासाठी खटपट करावी लागते अशा संहितांचा स्वतंत्र विचार केला. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये 'पर्स्युएसिव्ह गेम्स' या ग्रंथात, खेळ आपले म्हणणे शब्दांइतकेच नियमांतून मांडतो असा सिद्धांत मांडला. येस्पर यूल यांनी 'द आर्ट ऑफ फेल्युअर' (२०१३) या पुस्तकात शोकात्मिकेचा जुना प्रश्न खेळाकडे वळविला. व्यवहारात अपयश टाळणारा माणूस, अपयश हमखास वाट्याला येईल अशा खेळाकडे आपण होऊन का वळतो, हा त्यांचा प्रश्न आहे.

करुण रसापासून आनंद का होतो, या प्रश्नाची चर्चा मराठी साहित्यशास्त्राला नवीन नाही. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या विचारापासून तिची परंपरा आहे. येथे मात्र अधिक उपयोगी पडते ती न. चिं. केळकर यांची उपपत्ती. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान पूर्णपणे सोडत नाही. तो एकाच वेळी स्वतः असतो आणि दुसराही असतो. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे, असे केळकरांचे म्हणणे.

व्हिडिओ गेममध्ये ही दुहेरी अवस्था अक्षरशः दिसते. पडद्यावरची म्हातारी चालते तेव्हा कळ दाबणारे बोट आपले असते. शिवाय 'विकल्प' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे पर्याय. खेळ म्हणजे पर्यायांची रचना. तेव्हा आजारपणाचा खेळ विकल्पांचे काय करतो, हा प्रश्न दोन्ही अर्थांनी विचारता येतो : तो खेळणाऱ्यापुढे कोणते पर्याय ठेवतो, आणि रुग्ण व खेळणारा यांच्यातील भेदाचे भान तो राखतो की पुसून टाकतो ? पुढील विवेचन या दुहेरी प्रश्नाभोवती केले आहे.

४. निवडक खेळांचे विवेचन

४.१ वेग आणि वार्धक्य : 'पॅसेज' व 'द ग्रेव्हयार्ड'

जेसन रोअरर यांचा 'पॅसेज' पाच मिनिटांत संपतो. शंभर बाय सोळा ठिपक्यांच्या चिंचोळ्या पट्टीत एक लहान आकृती चालू लागते आणि चालता चालता म्हातारी होते. प्रारंभी ती पट्टीच्या डाव्या टोकाला असते आणि उजवीकडचा भविष्यकाळ अस्पष्ट, दाटलेला दिसतो. अखेरीस ती उजव्या टोकाला पोहोचते आणि मागचा भूतकाळ तसाच दाटून येतो. वाटेत जोडीदार भेटतो. त्याला सोबत घेतले तर काही अरुंद वाटांतून जाता येत नाही आणि तेथील धन हुकते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर आपली आकृती मंद होते आणि थोड्याच वेळात तिच्या जागी थडग्याचा दगड उरतो. एकही वाक्य न उच्चारता केलेले हे कथन आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहात प्रथमच जे चौदा व्हिडिओ गेम घेतले त्यांत 'पॅसेज'चा समावेश होता.

बेल्जियममधील 'टेल ऑफ टेल्स' या संस्थेचे ऑरिया हार्वी आणि मिखाएल सामीन यांचा 'द ग्रेव्हयार्ड'ही अल्प आहे. कृष्णधवल पडद्यावर एक वृद्धा दफनभूमीत येते, काठी टेकत बाकापर्यंत जाते, बसते. एक फ्लेमिश गीत ऐकू येते. मग ती उठते आणि आल्या वाटेने परतते. तिचा वेग खेळणाऱ्याला वाढवता येत नाही. या खेळाची एक विनामूल्य आवृत्ती होती आणि एक विकत घ्यावयाची. दोहोंत फरक एवढाच की विकतच्या आवृत्तीत म्हातारी मरू शकते. हा मृत्यू खेळणाऱ्याच्या चुकीमुळे येत नाही आणि त्याच्या कौशल्याने टळत नाही.

या योजनेत विनोद आहे आणि टीकाही आहे. इतर खेळांत पैसे मोजून जादा आयुष्ये मिळतात, येथे पैसे मोजून मिळते ती मृत्यूची शक्यता. पण तिचा खरा परिणाम चालण्यावर होतो. मृत्यू शक्य झाला की बाकापर्यंतच्या त्याच पावलांना वेगळे वजन येते. खेळणारा घाई करू पाहतो आणि म्हातारीचे शरीर त्याला नकार देते. आपले बोट आणि तिचे पाऊल यांतील हे अंतर म्हणजेच केळकरांचा विकल्प होय. वार्धक्य काय असते हे आपल्याला कळले असा दावा हा खेळ करीत नाही. ते आपल्या वेगाने चालत नाही, एवढेच तो दाखवितो.

४.२ रूपक झालेला आजार : 'डिअर एस्थर'

डॅन पिंचबेक यांनी पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधनाचा भाग म्हणून २००८ मध्ये 'डिअर एस्थर' सिद्ध केला. रॉबर्ट ब्रिस्को यांनी पुनर्रचित केलेल्या दृश्यांसह आणि जेसिका करी यांच्या संगीतासह २०१२ मध्ये त्याची स्वतंत्र आवृत्ती आली. हेब्रिडीज द्वीपसमूहातील एका निर्जन बेटावर खेळणारा चालत राहतो आणि एक निवेदक मृत पत्नीला लिहिलेल्या पत्रांतील तुकडे ऐकवितो. हे तुकडे काही प्रमाणात यदृच्छेने निवडले जात असल्याने प्रत्येक वेळी कथन थोडे बदलते.

या कथनात आजारपण सर्वत्र आहे. निवेदकाचा मूतखडा, त्याच्या पायातील संसर्ग, वेदनाशामक औषधांची धुंदी. खडकांवर रेणूंच्या आणि मज्जापेशींच्या आकृत्या रंगविलेल्या दिसतात. हळूहळू बेट म्हणजे शरीर आणि शरीर म्हणजे बेट असे समीकरण पक्के होते. दृश्य आणि ध्वनी यांची इतकी उत्तम सांगड फार थोड्या खेळांत आढळते, हे मान्य करावे लागेल.

तथापि सूझन सोन्टॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) मध्ये दिलेला इशारा येथे आठवतो. आजाराला रूपक केले की आजारी माणूस दृष्टीआड होतो, हा त्यांचा मुद्दा. 'डिअर एस्थर'मध्ये मूतखड्याची वेदना बेटाच्या खडकात विरघळते आणि सुंदर होते. निवेदकाचे दुखणे निवेदकानेच रूपकात लपविले आहे, त्यामुळे हा दोष पात्राचा आहे, लेखकाचा नाही, असा बचाव करता येईल. पण खेळाच्या नियमांत त्या बचावाला आधार मिळत नाही. पायातील जखमेने चालण्यात काहीही अडथळा येत नाही. शब्द लंगडतात, पाऊल लंगडत नाही. 'द ग्रेव्हयार्ड'ने जे पावलात आणले ते येथे निवेदनातच राहिले.

४.३ मिटलेले विकल्प : 'ॲक्च्युअल सनलाइट'

विल ओ'नील यांच्या या खेळाचा नायक इव्हान विंटर हा टोरंटोमधील एक एकाकी नोकरदार आहे. घर, प्रवास, कार्यालय या त्याच्या येरझारा खेळणाऱ्याला घालाव्या लागतात आणि वाटेत त्याने लिहिलेले दीर्घ, बोचरे मजकूर वाचावे लागतात. जसजसा खेळ पुढे सरकतो तसतसे करण्यासारखे काही उरत नाही. अखेर आत्मघाताकडे जाणारी एकच वाट राहते.

नैराश्यात माणसाला सर्व वाटा बंद झाल्यासारख्या वाटतात, आणि ही भावना खेळाने नियमात उतरविली आहे. त्यातील प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. पण येथेच एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. वाटा बंद झाल्या आहेत असे वाटणे हे आजाराचे लक्षण आहे, ती वस्तुस्थिती नव्हे. नैराश्यावर उपचार होऊ शकतात. खेळाचा नियम मात्र त्या खेळाच्या जगातली वस्तुस्थितीच असतो. पर्याय काढून घेतला की तो 'दिसत नाही' असे राहत नाही, तो 'नाही' असेच होते. रुग्णाचा भ्रम आणि जगाचे सत्य यांतील भेद नियमाच्या पातळीवर पुसला जातो, समाधी निर्विकल्प होते. लेखकालाही या धोक्याची जाणीव असावी, कारण खेळाच्या मध्यावर तो कथानक थांबवून तरुण खेळाडूंशी स्वतःच्या आवाजात बोलतो आणि हा शेवट तुमच्यासाठी नाही असे त्यांना बजावतो. जे रूपाने सांगता आले नाही ते निवेदनाने सांगावे लागले, असा या हस्तक्षेपाचा अर्थ लावता येतो.

तुलनेसाठी झोई क्विन यांच्या 'डिप्रेशन क्वेस्ट' (२०१३) चा उल्लेख आवश्यक आहे. तो चालण्याचा खेळ नव्हे, केवळ मजकुराचा आहे. त्यात निरोगी माणूस सहज निवडील असे पर्याय दिसतात, परंतु ते खोडलेले असतात. वाचता येतात, निवडता येत नाहीत. विकल्प आहे, पण रुग्णाच्या हाताला तो लागत नाही, हे सत्य एका आडव्या रेघेने सांगितले आहे. शैलीच्या दृष्टीने 'ॲक्च्युअल सनलाइट' अधिक धारदार असला तरी आजाराच्या आकलनात 'डिप्रेशन क्वेस्ट' पुढे आहे.

४.४ हरवलेले घर : 'बिफोर आय फर्गेट'

चेला रामनन आणि क्लेअर मॉरवूड यांच्या या खेळाची नायिका सुनीता ही दक्षिण आशियाई वंशाची विश्वरचनाशास्त्रज्ञ आहे आणि तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिचे घर रंगहीन दिसते. वस्तू हाताळली, एखादी आठवण जागी झाली, की तेथे रंग भरतो. नवरा डिलन कोठे आहे याचा शोध घेत ती घरभर फिरते आणि तो आता हयात नाही या सत्यापाशी पोहोचते.

या खेळातील एक प्रसंग स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. सुनीताला प्रसाधनगृहात जायचे आहे. ती दार उघडते, तर आत कपाट. दुसरे दार उघडते, तर पुन्हा तेच. स्वतःच्या घरात वाट चुकण्याचा हा अनुभव शेवटी देहाच्या लाजिरवाण्या पराभवात संपतो. येथे नियम आणि आशय एक झाले आहेत. एरवी खेळणारा चुकतो तेव्हा घराचा आराखडा स्थिर असतो, येथे आराखडाच चुकतो. मोठ्या विदुषीचे शरीर एका दारापाशी हरते, ही गोष्ट कोणत्याही निवेदनाविना कळते.

खेळाचा उर्वरित भाग मात्र या उंचीवर टिकत नाही. आठवणींचे तुकडे वेचत गेले की सुनीताचे चरित्र खेळणाऱ्यापुढे बरेचसे सुसंगत उभे राहते. तिची स्मृती विस्कटत असताना आपली माहिती मात्र पूर्ण होत जाते. वेचण्याचा आणि भरण्याचा जुना क्रीडानियम विस्मृतीच्या कथेला नकळत दिलासा देऊन जातो.

४.५ न वाचवता येणे : 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'

अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन यांच्या मुलाला, जोएलला, वयाच्या पहिल्या वर्षी कर्करोगाचे निदान झाले. त्याच्या हयातीतच खेळाची निर्मिती सुरू झाली. मार्च २०१४ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी जोएलचे निधन झाले. जानेवारी २०१६ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. खेळात कुटुंबीयांचे स्वतःचे आवाज आहेत. आकृत्यांना मात्र चेहऱ्याचे अवयव नाहीत. हा निर्णय फार मोलाचा आहे. आवाज जोएलच्या घराचा, चेहरा रिकामा. जवळीक आणि अंतर एकाच वेळी राखण्याची ही युक्ती म्हणजे सविकल्पतेचे दृश्य रूपच होय.

या खेळाचे सामर्थ्य असे की तो परिचित खेळांची रूपे एकेक करून हाती घेतो आणि ती निकामी ठरवितो. एका प्रसंगात रुग्णालयाच्या मजल्यावर लहान मुलाच्या गाडीची शर्यत आहे. खेळणारा उत्साहाने वाटेतल्या वस्तू गोळा करतो. शर्यत संपल्यावर त्या वस्तूंचा हिशेब समोर येतो, तेव्हा ती जोएलला दिलेल्या उपचारांची यादी असल्याचे कळते. दुसऱ्या प्रसंगात भावंडांना सांगितलेल्या गोष्टीतून जुन्या पद्धतीचा एक खेळ उभा राहतो. छोटा शूर सरदार जोएल राक्षसी ड्रॅगनशी लढतो. सारे नियम ओळखीचे आहेत, म्हणून आशाही ओळखीची आहे. पण ड्रॅगन हरत नाही. सरावाने जिंकता येईल हा या माध्यमाचा मूळ विश्वास येथे मोडतो.

सर्वात कठीण प्रसंग रुग्णालयातील एका रात्रीचा. जोएलच्या शरीरातील पाणी कमी झाले आहे आणि तो सतत रडतो आहे. त्याला रस पाजावा तर तो उलटून टाकतो. कडेवर घ्यावे, जोजवावे, खोलीत फिरवावे, तरी कशानेच रडणे थांबत नाही. खेळणारा उपलब्ध असलेली प्रत्येक कृती करून पाहतो, पुन्हा करतो. शेवटी रायन प्रार्थना करू लागतो आणि मूल शांत होते. ही प्रार्थना खेळणाऱ्याच्या हातची कृती नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. श्रद्धेचे फळ म्हणून तिचे वाचन करता येईल, आणि थकून झोपलेले मूल म्हणूनही करता येईल. एमीची श्रद्धा आणि रायनचा संशय यांतील ताण खेळात इतरत्रही सोडविलेला नाही, त्यामुळे दोन्ही वाचने टिकतात.

'ॲक्च्युअल सनलाइट'मध्ये पर्याय नसणे हा आजार होता. येथे पर्याय आहेत, ते खरे आहेत, पण अपुरे आहेत. शुश्रूषेचे स्वरूप नेमके असेच असते. रस देणे निष्फळ ठरले म्हणून तो देणे निरर्थक ठरत नाही. कृतीचे मूल्य तिच्या फळावर अवलंबून नाही, ही गोष्ट फळावरच उभ्या असलेल्या माध्यमाने सांगावी, हे या खेळाचे सर्वात मोठे यश होय. २०१७ मध्ये त्याला नावीन्यासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, ज्यात जिंकणे-हरणे नाही तो खेळ कसा ? याचे उत्तर वरील विवेचनात आले आहे. ड्रॅगनशी होणारी लढाई निष्फळ ठरल्याचे दुःख ज्याला जिंकण्याची सवय आहे त्यालाच होते. हे खेळ खेळाच्या परंपरेबाहेर नाहीत, तिच्या अपेक्षांवरच ते उभे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मार्च २०१६ मध्ये 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'च्या निर्मात्यांनी जाहीरपणे लिहिले की, इतरांनी खेळतानाच्या चित्रफिती लक्षावधी लोकांनी पाहिल्या, पण खेळ विकत घेणारे त्या मानाने थोडे निघाले. याचा आर्थिक भाग बाजूला ठेवला तरी वाङ्मयीन प्रश्न उरतो. पाहूनच भागत असेल तर चालण्याची गरज काय ? अशा पाहण्यात शोकात्मिकेच्या प्रेक्षकाचा अनुभव मिळतो, तो कमी प्रतीचा नाही. परंतु रडणाऱ्या मुलाला सातव्यांदा रस देऊ करणे आणि दुसऱ्याने तो देताना पाहणे यांत फरक आहे. प्रेक्षकाला 'काही करता आले असते तर' असे वाटू शकते. खेळणाऱ्याला ती सवलत मिळत नाही, त्याने सर्व काही करून पाहिलेले असते.

६. निष्कर्ष

१) आजारपणाविषयीच्या या खेळांत चालण्याची मर्यादित कृती ही उणीव नसून आशयाचे वाहन आहे. ते वाहन नियमात उतरते तेव्हा खेळ यशस्वी होतो ('द ग्रेव्हयार्ड', 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'), केवळ निवेदनात राहते तेव्हा आजार रूपक होऊन बसतो ('डिअर एस्थर').

२) दुसऱ्याचे दुःख जसेच्या तसे अनुभवास देण्याचा दावा या खेळांच्या वतीने करणे योग्य नाही. बोट आणि पाऊल, आवाज आणि रिकामा चेहरा यांतील अंतर जेथे राखले जाते तेथेच अनुभव खरा वाटतो. या अंतराचे वर्णन करण्यास 'सविकल्प समाधी' ही संकल्पना आजही समर्थ आहे.

३) नैराश्याचे चित्रण करताना विकल्प काढून टाकणे आणि विकल्प हाताबाहेर आहे असे दाखविणे यांत कलात्मक तसेच नैतिक अंतर आहे. हे माध्यम हाताळणाऱ्यांनी आणि त्याची समीक्षा करणाऱ्यांनीही या अंतराकडे दुर्लक्ष करता कामा नये.

४) असहायतेला आपल्या साहित्याने शब्द दिले, नाटकाने देह दिला. या खेळांनी तिला कृती दिली. जी कृती काही वाचवीत नाही तीही करण्याजोगी असते, हे त्या कृतीतूनच कळते. रुग्णाच्या खोलीबाहेर येरझारा घालणाऱ्या माणसाला समीक्षेने 'नुसता चालणारा' म्हणू नये, आणि या खेळांनाही म्हणू नये.